तिसरे शील कोणासाठी?

(दिग्रस येथे उपासक-उपासिकांपुढे केलेल्या प्रवचनावरून)



त्रिशरण-पंचशील आता आपल्या घराघरांत म्हटले जाते. लहान मुलांना ते पाठ आहे. साठी उलटलेल्या आजीनेही नातवाच्या मागे म्हणत म्हणत ते पाठ केले आहे. ही लहान गोष्ट नाही. ज्यांच्या पूर्वजांना धर्माची चार अक्षरे ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्या ओसरीवर आज पालीचे शब्द ऐकू येतात. परंतु पाठ झालेल्या गोष्टीत एक धोका असतो. जीभ चालत राहते आणि मन थांबते. पाच शीलांपैकी तिसऱ्या शीलाचे असेच झाले आहे, असे मला वाटते. म्हणून आज त्या एकाच शीलाविषयी बोलायचे आहे, आणि जिचे नाव निघताच आपल्याला ते शील हटकून आठवते, त्या स्त्रीविषयी बोलायचे आहे. देह विकून पोट भरणाऱ्या स्त्रीविषयी.

विषय ऐकून काहीजण चुळबुळ करतील. हे पाक्षिक घरात मोठ्याने वाचले जाते, लेकीसुना ऐकत बसतात, तेथे असला विषय कशाला, असे म्हणतील. पण लेकीसुनांच्या कानावर हा विषय रोजच पडतो, फक्त शिवीच्या रूपाने पडतो. नळावर भांडण झाले की पहिला शब्द कोणता निघतो? नवऱ्याने टाकलेली बाई कामावरून उशिरा आली, तर शेजारी तिला काय म्हणतात? तो शब्द मी येथे छापीत नाही, तुम्हा सर्वांना तो ठाऊक आहे. शिवी घरात चालते आणि विचार चालत नाही, ही रीत आपण मागे टाकून आलो आहोत, असे मी धरून चालतो.

आता शीलाकडे या. प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि' हा शब्द येतो. त्याचा अर्थ, मी ग्रहण करतो. 'वेरमणी' म्हणजे दूर राहणे. दूर कोणी राहायचे? जो म्हणतो त्याने. कामवासनेच्या बाबतीत दुराचार करण्यापासून मी दूर राहीन, एवढेच त्या शीलात आहे. दुसऱ्याच्या चारित्र्याची झडती घेईन, असे त्यात कोठेही नाही. शील म्हणजे दुसऱ्याच्या दारावर चिकटवायची नोटीस नव्हे. असे असून, वेश्येचे नाव निघताच आपण हे शील तिच्या अंगावर फेकतो आणि स्वतः मोकळे होतो.

विनयपिटकात भद्दवर्गीय तरुणांची कथा आहे. भगवान बुद्ध वाराणसीहून उरुवेलेला निघाले होते. वाटेत एका रानात झाडाखाली ते बसले. त्या रानाचे नाव कप्पासिक असे सांगतात, म्हणजे कापसाचे. आपल्या मुलखातील माणसाला ते नाव सहज लक्षात राहील. त्याच रानात तीस तरुण मित्र आपापल्या बायकांसह सहलीला आले होते. एकाचे लग्न झाले नव्हते, म्हणून त्याच्यासाठी एक वेश्या आणली होती. सगळे मौजेत दंग असताना ती त्यांच्या चीजवस्तू घेऊन पळाली. मग तीसही जण तिला शोधीत रान तुडवू लागले. तथागतांना पाहून त्यांनी विचारले, इकडून एखादी बाई जाताना पाहिलीत काय? भगवंतांनी तिचा माग सांगितला नाही. त्यांनी उलट विचारले की, त्या बाईचा शोध घेणे बरे, की स्वतःचा शोध घेणे बरे? ते तरुण खाली बसले, त्यांनी धम्म ऐकला आणि ते संघात आले.

ती सापडली असती तर त्या तिसांनी तिचे काय केले असते, ते ग्रंथात लिहिलेले नाही. एक बाई, तीस पुरुष आणि रान, एवढ्यावरून आपण समजू शकतो. तिने चोरी केली होती, म्हणजे दुसरे शील तिने मोडले होते, हेही विसरू नका. ती निष्पाप होती म्हणून तथागतांनी तिचा पाठलाग थांबवला, असे नाही. पाठलाग करणाऱ्यांना आधी स्वतःकडे पाहायला लावले.

आता हाच प्रश्न आपल्याकडे आणू. दिग्रससारख्या बाजाराच्या गावी कापसाचे चुकारे झाले, सोयाबीन विकले, की हातात नोटा येतात. त्यातल्या काही दुकानदाराकडे जातात, काही सावकाराकडे, काही दारूच्या दुकानात आणि काही कोठे जातात, ते पुरुषांना सांगायला नको. असा पुरुष घरी येतो, पाय धुतो आणि वंदनेला बसतो. त्याला कोणी नाव ठेवीत नाही. त्याच्यासाठी आपल्या भाषेत धड एक शिवीसुद्धा नाही. बाईसाठी मात्र शिव्यांचे पोते भरले आहे. ज्याने समादियामि म्हणून शील मोडले तो कट्ट्यावर बसून जिच्याकडे बोट दाखवतो, तिने ते शील घेतले होते की नाही, हेही त्याला ठाऊक नसते.

रोगाचेही असेच झाले. १९८६ साली भारतात एड्सचे विषाणू प्रथम सापडले, तेव्हापासून रोग पसरवणारी म्हणून बोट वेश्येकडेच राहिले. तिला तो रोग देणारा आणि तिच्याकडून घेऊन घरच्या बायकोला देणारा पुरुष चर्चेत आलाच नाही. सांगलीच्या वेश्यांनी १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. निरोध वाटण्याचे, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावण्याचे काम त्या स्वतः करीत आल्या. घरंदाज पुरुषाने आपल्या बायकोची जेवढी काळजी घेतली नाही तेवढी ह्या बायांनी घेतली, असे म्हटले तर राग मानू नका.

भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. ह्यातल्या दुसऱ्याला पालीत सत्तवणिज्जा म्हणतात. सत्त म्हणजे जीव, आणि त्यात माणूसही आला. माणसांची खरेदी-विक्री करू नये, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पापाचा बोट दाखवायचा असेल तर तो विकणाऱ्याकडे आणि विकत घेणाऱ्याकडे दाखवावा लागतो. जी विकली गेली, तिला ह्या यादीत जागा नाही. हीच गोष्ट बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या कलम २३ मध्ये आली आहे. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना त्या कलमाने मनाई केली आहे. एकीकडे तथागतांचे वचन, दुसरीकडे संविधानाचे कलम, आणि दोन्ही त्या बाईच्या बाजूने उभे आहेत. आपण कोठे उभे आहोत?

ती तेथे पोहोचली कशी, हेही पाहा. यल्लम्माला, खंडोबाला मुली वाहिल्या जात. त्या बहुतेक कोणाच्या होत्या? अस्पृश्यांच्या. केसांत जट आली, घरात आजार आला, मुलगा झाला नाही, की देवीचा कोप म्हणून मुलगी सोडायची. देवाला सोडलेली ती मुलगी गावच्या पुढाऱ्याच्या हाती लागायची आणि तेथून अनेकींची वाट मुंबईच्या कामाठीपुऱ्यात निघायची. मुंबई सरकारने १९३४ साली ही चाल बंद करण्याचा कायदा केला. महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. एकाच गोष्टीसाठी सत्तर वर्षांनी दुसरा कायदा लागतो, यावरून चाल किती चिवट होती ते कळते. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण ज्या देवांना सोडले, त्याच देवांच्या नावाने ह्या मुली सोडल्या गेल्या होत्या. देव सोडताना आपण ह्या मुलींनाही सोडून आलो, असे होता कामा नये.

येथे कोणीतरी हमखास उभा राहतो आणि म्हणतो, पण बाबासाहेबांनीच कामाठीपुऱ्यातल्या बायांना खडे बोल सुनावले होते. खरे आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली. त्यानंतर १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज, भुत्ये, आराधी यांची सभा झाली. ते लोक धर्मांतराला पाठिंबा द्यायला आले होते. तेथे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की, कामाठीपुऱ्यातले जिणे समाजाला लाज आणणारे आहे, आमच्याबरोबर यायचे असेल तर ते सोडावे लागेल. लग्न करा, संसार करा, असेही ते म्हणाले. पोट कसे भरायचे ते मी सांगणार नाही, त्याच्या शेकडो वाटा आहेत, असा त्यांचा रोख होता. शब्द कठोर होते. आजच्या काही विचारवंत स्त्रिया त्या भाषणाविषयी प्रश्न विचारतात. त्यांना विचारू द्या.

मला त्या भाषणातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. बाबासाहेब हे त्या बायांच्या पाठीमागे, पारावर बसून बोलले नाहीत. त्यांना सभागृहात समोर बसवून बोलले. त्यांना आपल्या समाजाच्या मानूनच बोलले. तुम्ही हे जिणे सोडू शकता, तुमच्यात ती ताकद आहे, असे धरून बोलले. आणि लग्न करा, असे जेव्हा ते त्या बायांना सांगत होते, तेव्हा त्या वाक्याचा अर्धा भाग आपल्यासाठी होता. लग्न एकटीने होत नाही. तिला सून म्हणून घरात घेणारे, शेजारीण म्हणून विहिरीवर जागा देणारे, मजुरीला बोलावणारे कोणी हवे. तिने सोडावे, हा निम्मा हुकूम आपल्याला पाठ आहे. आपण घ्यावे, ह्या निम्म्याचे काय झाले? भाषणाचे एक टोक उचलून बाईला मारायचे आणि दुसरे टोक खाली सोडून द्यायचे, हे अनुयायाचे लक्षण नव्हे.

आणखी एक पाहा. त्या सभेनंतर वीस वर्षांनी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात तथागतांना दान देणाऱ्यांची एक मालिका आहे. राजा बिंबिसार, अनाथपिंडिक, जीवक, विशाखा. ह्या रांगेत त्यांनी आम्रपालीला बसवले आहे. ती वैशालीची गणिका होती हे त्यांनी लपवले नाही, आणि म्हणून तिला रांगेच्या शेवटीही बसवले नाही.

आम्रपालीची कथा तुम्ही ऐकली असेल. भगवान बुद्ध तिच्या आमराईत उतरले. तिने त्यांना भोजनाचे निमंत्रण दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. वैशालीचे लिच्छवी राजपुत्र रथांतून आले, तेव्हा त्यांना कळले की गणिकेने आपल्याआधी निमंत्रण दिले आहे. लाख नाणी घे आणि हे भोजन आम्हाला दे, असे ते म्हणाले. सारी वैशाली दिलीत तरी देणार नाही, असे तिने सांगितले. राजपुत्र भगवंतांकडे गेले. भगवंत म्हणाले, मी तिला शब्द दिला आहे. एवढ्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हाताने वाढले आणि ती आमराई संघाला दिली.

ही कथा सांगून झाल्यावर एका उपासिकेने मला विचारले, आमच्या विहाराच्या बांधकामासाठी वर्गणी चालली आहे, तशा बाईने पैसे दिले तर घ्यावेत काय? प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हणालो, घ्या आणि पावती तिच्या नावाने फाडा. गुप्तदान म्हणून लिहू नका. दारूच्या धंद्यावर, व्याजबट्ट्यावर, ठेकेदारीच्या कमिशनवर मोठे झालेल्यांची नावे संगमरवरावर कोरायला आपण कचरत नाही. तिच्या शंभर रुपयांपाशी मात्र आपले शील जागे होते. बुद्धांनी आमराई घेताना जो विचार केला नाही, तो विहाराच्या कमिटीने करू नये.

आता मारहाणीविषयी. ह्या बायांवर होणारा अत्याचार आपल्याला अत्याचार वाटतच नाही, हे ह्या विषयातले सर्वांत वाईट अंग आहे. गिऱ्हाईक मारतो, दलाल मारतो, भाडे थकले की घरमालक मारतो, वस्तीतला गुंड हप्त्यासाठी मारतो. पोलीस ठाण्यात गेली तर तेथेही अपमान. बलात्काराची तक्रार घेऊन आली तर लोक हसतात, तुझ्यावर कसला बलात्कार, म्हणतात. जणू एकदा देह विकला की नकार देण्याचा हक्कही त्यासोबत विकला जातो.

विनयपिटकात अड्ढकासीची कथा आहे. ती फारशी सांगितली जात नाही, म्हणून सविस्तर सांगतो. अड्ढकासी काशीची गणिका होती. तिची किंमत काशीच्या महसुलाशी जोडून सांगत, एवढी ती प्रसिद्ध. पुढे तिने ते जीवन सोडले आणि भिक्षुणी संघात प्रवेश घेतला. उपसंपदा घेण्यासाठी तिला श्रावस्तीला भगवंतांकडे जायचे होते. ही बातमी गुंडांना लागली आणि त्यांनी वाट अडवून धरली. भिक्षुणीचे चीवर अंगावर असूनही त्यांच्या लेखी ती अजून बाजारातलीच होती. आपल्याकडे म्हणतात ना, सोडले तरी शिक्का पुसत नाही, तोच प्रकार. अड्ढकासीने भगवंतांकडे निरोप पाठवला की, मी येऊ इच्छिते, पण वाटेवर गुंड बसले आहेत, मी काय करावे?

अशा वेळी आपण काय उत्तर देतो ते आठवा. पूर्वी तसे वागली नसतीस तर गुंड कशाला बसले असते, असे म्हणतो. किंवा, वाट निर्धोक होईपर्यंत थांब, असे म्हणतो. तथागतांनी यातले काही म्हटले नाही. त्यांनी नियम बदलला. उपसंपदेसाठी स्वतः हजर राहण्याचा नियम होता. दूताकरवीही उपसंपदा देता येईल, अशी अनुज्ञा त्यांनी दिली. तिच्या वतीने एका जाणत्या, समर्थ भिक्षुणीने संघापुढे जावे, संकट सांगावे आणि संघाने अड्ढकासीला ती जेथे आहे तेथे भिक्षुणी मानावे, असे ठरले. ती सुरक्षित राहिली आणि संघात आली. एका वेश्येच्या जिवाला धोका आहे, एवढ्या कारणासाठी संघाचा नियम बदलला गेला आणि तो विनयात कायमचा नोंदवला गेला. जगातल्या किती धर्मग्रंथांत असे सापडेल, ते विद्वानांनी शोधावे.

आता आपल्या काळाकडे येऊ. सप्टेंबर १९९९ मध्ये कलकत्त्याच्या एका वेश्यावस्तीत एका बाईचे डोके जमिनीवर आणि भिंतीवर आपटून एका इसमाने तिला ठार केले. त्याला जन्मठेप झाली. अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजी फेटाळले गेले. खटल्याचे नाव बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य. आरोपीच्या नावात बुद्ध होते, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. नाव बदलून, नाव ठेवून धम्म येत नाही, हे नवदीक्षितांना वेगळे सांगायला नको. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. वेश्याही माणसे आहेत, संविधानाच्या कलम २१ प्रमाणे सन्मानाने जगण्याचा हक्क त्यांनाही आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले आणि त्यांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमली.

त्याच खटल्यात १९ मे २०२२ रोजी महत्त्वाचा आदेश झाला. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठात आपल्या शेजारच्या अमरावतीचे भूषण गवई होते. रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे ते चिरंजीव. पुढे २०२५ साली ते देशाचे सरन्यायाधीश झाले. पोलिसांनी ह्या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, त्यांना शिवीगाळ करू नये, मारहाण करू नये. लैंगिक अत्याचार झाला तर इतर कोणत्याही स्त्रीला मिळते ती सर्व मदत तिला मिळावी. निरोध जवळ सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये. वर्तमानपत्रांनी त्यांची ओळख उघड करू नये. सुधारगृहात मनाविरुद्ध डांबलेल्या प्रौढ स्त्रियांची पाहणी करून त्यांना सोडण्याची कारवाई व्हावी, असे त्या आदेशात आहे. सन्मानाने जगण्याचे हे संरक्षण त्यांच्या मुलांनाही आहे, असेही न्यायालयाने म्हटले. हे कागदावर आले आहे. ते ठाण्यात उतरवायचे असेल तर तक्रार द्यायला जाणाऱ्या बाईबरोबर कोणीतरी चार माणसे जायला हवीत. ॲट्रॉसिटीची तक्रार नोंदवताना एकट्याने जाऊन काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. तेच येथे लागू आहे.

आणि हे सर्व दूर कलकत्त्याचे नाही. नागपूर ही आपली दीक्षानगरी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोक तेथे माणूस म्हणून उभे राहिले. त्याच नागपुरात इतवारीच्या बाजूला गंगा-जमुना ही वेश्यांची जुनी वस्ती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी ह्या वस्तीभोवती अडथळे उभे करून धंदा बंद पाडला. अल्पवयीन मुली आणल्या जातात, गुन्हेगारी वाढते, असे कारण दिले गेले. अल्पवयीन मुलगी सोडवलीच पाहिजे, तिला आणणाऱ्या दलालाला बेड्या पडल्याच पाहिजेत, यात माझ्या मनात शंका नाही. पण दलाल पकडायचा तर दलाल पकडावा. सगळी वस्ती कोंडून बायांचे पोट बंद करणे हा त्यावरचा उपाय कसा होतो? दुसरे काम, दुसरे घर, मुलांची शाळा यांची सोय आधी नको काय? त्या वेळी ह्या बायांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या त्या ज्वाला धोटे, आपल्या यवतमाळच्या जांबुवंतराव धोट्यांची कन्या. दीक्षाभूमीला दरवर्षी गाड्या भरून जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जणांनी त्या वेळी त्या वस्तीची विचारपूस केली, हा प्रश्न मी सर्वांनाच विचारतो.

कायद्याची गंमत अशी आहे की, ज्या १९५६ साली आपण दीक्षा घेतली, त्याच साली वेश्याव्यवसायाविषयीचा केंद्राचा कायदा झाला. १९८६ साली तो दुरुस्त होऊन त्याचे नाव बदलले. कुंटणखाना चालवणे, बाई आणून देणे, तिच्या कमाईवर जगणे हे त्यात गुन्हे आहेत. प्रौढ बाईने देह विकला, एवढ्यानेच तो गुन्हा होत नाही. पण रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावल्याचे कलम लावून पकडली जाते ती बाई, आणि मागच्या दाराने निघून जातो तो मालक.

आपल्याच जिल्ह्यात आणखी एक दुःख आहे, ते वस्तीत नाही, रानात आहे. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागांत कोलाम-गोंडांच्या मुलींना बाहेरून आलेल्या ठेकेदारांनी, व्यापाऱ्यांनी लग्नाची आमिषे दाखवली, मुले झाल्यावर ते निघून गेले. कुमारी माता म्हणून त्यांची नोंद झाली, वर्तमानपत्रांत, विधिमंडळात चर्चा झाली. मुलीला नाव मिळाले, कुमारी माता. पळून गेलेल्या बापाला काय नाव मिळाले? काहीच नाही. तो आपल्या गावी गृहस्थ म्हणून जगतो आहे. अशा मुली बाजारात जाण्याआधीच त्यांच्यामागे कोणी उभे राहिले, तर पुढचे अर्धे दुःख टळेल. दिग्रसहून तो भाग फार दूर नाही.

ह्या सर्व बायांच्या मुलांविषयी बोलून थांबतो. राजगृहात सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला. गणिकेला मुलगा नको असतो, म्हणून तिने त्याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. राजपुत्र अभय तिकडून जात होता. कावळे जमलेले पाहून त्याने विचारले, काय आहे? मूल आहे, असे लोक म्हणाले. जगते आहे काय? जगते आहे. त्यावरून त्या मुलाचे नाव जीवक पडले. तो तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यक शिकला आणि पुढे बिंबिसाराचा आणि स्वतः भगवान बुद्धांचा वैद्य झाला. उकिरड्यावरचे मूल उचलताना अभयने बाप कोण ते विचारले नाही, जिवंत आहे काय एवढेच विचारले. नागपुरात राम इंगोले यांनी 'आम्रपाली उत्कर्ष संघ' काढून वेश्यांच्या मुलांसाठी विमलाश्रम चालवला. नाव आम्रपालीचे आणि काम अभयचे, असे मला वाटते.

आपल्या हातून होण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. अशा बाईकडे कागदपत्रे नसतात, कारण राहण्याचा पुरावा कोणी देत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेतील राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या दाखल्यावर तिला आधार कार्ड मिळावे, आणि त्यावर तिचा धंदा कळेल अशी कोणतीही खूण नसावी, असे २०२२ च्या त्याच आदेशात आहे. आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी हा अर्ज भरून द्यावा. शाळेत बापाच्या नावाचा रकाना भरता येत नाही म्हणून पोरगे घरी बसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्र सरकारने केला आहे. आधी जन्मलेल्यांसाठी मुख्याध्यापकांना भेटावे लागेल, तर भेटावे. आणि विहारात रविवारचा बालवर्ग भरतो, तेथे असे मूल आले तर हजेरीपटावर त्याच्या आईचे नाव ती सांगेल तसे लिहून घ्यावे आणि त्याला इतर मुलांच्या मध्ये बसवावे.